कणा आणि हात : प्रस्तावना

मी पायाळू आहे; जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात या गोष्टीमुळे माझ्याकडे एक काम चालून आले होते. कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली, की सकाळीच आमच्या ओट्यावर निरोप यायचा : पोराला पाठवा. सात-आठ वर्षांचा मी आजीचे बोट धरून जायचो. गोधडीवर कुणीतरी मोठे माणूस पालथे पडलेले असायचे. कधी केळीच्या बागेतला सालदार, कधी कापूस वेचून आलेली मावशी, एकदा तर आमच्या शाळेतले गुरुजी. आजी दाखवायची तिथे मी पाय लावायचो आणि हलके दाबत कमरेवरून खाली आणायचो. ते माणूस एक लांब श्वास सोडायचे, कुशीवर वळायचे आणि हात टेकून उठायचे. त्यातले काही जण दुसऱ्या दिवशी खरोखर शेतात गेलेले दिसायचे.

पुढे मी फिजिओथेरपी शिकलो. मणक्यांची रचना, स्नायूंची बांधणी, मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसा यांचा अभ्यास करताना एक प्रश्न मला सोडत नव्हता : माझ्या पायाने तेव्हा नेमके काय केले होते? काहीच केले नव्हते, असे म्हणावे तर ती माणसे उठून चालत गेली होती. काहीतरी केले होते, असे म्हणावे तर ते 'काहीतरी' पुस्तकात कुठे सापडत नव्हते. या पुस्तकाचा जन्म त्या प्रश्नातून झाला आहे. हाताने, पायाने, कोपराने किंवा यंत्राने माणसाच्या कण्यावर उपचार करण्याच्या ज्या अनेक पद्धती जगात आहेत, त्यांना एका ओळीत बसवून, एकाच मापाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. कायरोप्रॅक्टिक ही त्यातली जगभर गाजलेली पद्धत, म्हणून तिला या पुस्तकात मोठी जागा आहे. मात्र तिची ओळख करून घ्यायला आपण आपल्याच ओट्यावरून निघणार आहोत.

खानदेशातून निघण्याला कारण आहे. पाठीचे दुखणे जगात सगळीकडे आहे. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी माणसांना कंबरदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. पण प्रत्येक मुलखाची पाठ आपापल्या कामाने वाकते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची कापणी सुरू झाली, की २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून ट्रॅक्टरपर्यंत दिवसभर फेऱ्या होतात. कपाशीत बाई कमरेला झोळी बांधून सकाळपासून वाकलेली असते आणि वेचणीसोबत झोळी जड होत जाते. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की औषधाच्या पाण्याचेच १५-१६ किलो वजन होते. जळगावच्या डाळमिलांतला हमाल, भुसावळच्या रुळांवरचा गँगमन, धुळ्याहून साक्रीकडे रोज दुचाकीवर जाणारा शिक्षक, या सगळ्यांचे कण्याशी वेगवेगळे भांडण आहे. आणि अहिराणीत सगळे एकच वाक्य बोलतात : मनी कंबर दुखस.

या एका वाक्यावर किती हात पुढे येतात ते पाहावे. घरात आधी एरंडाचे पान गरम होते, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकते, आंबेहळदीचा लेप लागतो. मग पायाळूला बोलावणे. मग गावचा किंवा पंचक्रोशीतला हाडवैद्य. तो तेल लावून चोळतो, बोटांनी चाचपतो, 'शीर चढली आहे' म्हणून अंगठ्याने उतरवतो, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधतो. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा पाड्यांवर ही विद्या घराण्यात चालत आली आहे. तालुक्याच्या गावी आयुर्वेदाचे वैद्य कटिबस्ती देतात. शहरात अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआय काढायला सांगतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात, कुठे करंटचा शेक मिळतो, कुठे वजन लावतात, कुठे पट्टा देतात. केशकर्तनालयात मालीश झाल्यावर मान कडकन मोडून मिळते. आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ आहेत. त्यातला कडकड आवाज ऐकून लोक विचारतात, 'आपल्याकडे असे कुणी करते का?'

एकच माणूस महिनाभरात यातल्या चार-पाच ठिकाणी जाऊन येतो. प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळे कारण सांगितले जाते. हाडवैद्य म्हणतो शीर चढली, वैद्य म्हणतात वात वाढला, एक्स-रे पाहून कुणी सांगते गॅप पडला, कुणी म्हणते गादी सरकली, कायरोप्रॅक्टर म्हणतो मणका जागेवर नाही. दुखणे एक आणि कारणे पाच. हा गोंधळ पाहून 'सगळे सारखेच' असे म्हणणे जितके सोपे, तितकेच 'आमचे खरे, बाकी थोतांड' हेही सोपे. अभ्यासाची वाट या दोन्हींच्या मधून जाते. ती वाट वाचकाला चालता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी थोडा इतिहास. कारण ज्या पद्धती आज एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, त्या एकाच घराण्यातल्या आहेत हे इतिहासात स्पष्ट दिसते.

पहिली धार आयुर्वेदाची. आपल्याकडचा सर्वांत जुना सविस्तर लेख सुश्रुतसंहितेत आहे. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. निखळण्याच्या प्रकारांची नावेच हालचालीचे वर्णन करतात : उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त, तिर्यक्क्षिप्त. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचार येतो : ओढणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या सालींच्या पट्ट्या, म्हणजे कुशा, कशा लावाव्यात ते आहे. बांधणी थंडीत सात दिवसांनी, सम हवेत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी असा नियम आहे. बांधणी सैल राहिली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना, पाक होतो, असा इशाराही आहे. शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे. कण्याच्या दुखण्यासाठी आयुर्वेदात वेगळी वाट आहे. गृध्रसी, म्हणजे नितंबापासून पायाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ, चरकाने वातव्याधीत मोजली. आपण जिला आज सायटिका म्हणतो तिच्याशी तिचे वर्णन जुळते. कटिबस्तीत उडदाच्या पिठाचे आळे कमरेवर करून त्यात कोमट तेल धरतात. इथे हात दाबत नाही, ऊब थांबून राहते.

दुसरी धार तालमीतून येते. कुस्तीच्या आखाड्यात निखळलेला खांदा वस्तादानेच बसवायचा ही जुनी रीत. या परंपरेतले एक मोठे नाव बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव. व्यायामविद्येइतकेच हाडे-सांधे बसवण्यातही ते वाकबगार म्हणून ओळखले जात. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकला. हाच तरुण पुढे आपल्या अमळनेरात आला, खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक झाला आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्यही झाला. १९२० च्या सुमारास त्याने बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना शरीरात काय घडते ते एक्स-रेखाली पाहिले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि परंपरेने मिळालेल्या क्रियांची मोजमापे त्यात छापली. खानदेशातल्या अभ्यासकाला याहून जवळचा पूर्वसूरी कोणता हवा? ज्या विद्येवर श्रद्धा होती तिलाच त्यांनी प्रयोगशाळेत नेले, आणि त्याने श्रद्धेचा अपमान होतो असे त्यांना वाटले नाही. याच अमळनेरात १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. अनेक दर्शने शेजारी ठेवून तपासण्याची रीत या मातीला परकी नाही.

तिसरी धार सातासमुद्रापलीकडची. इंग्लंडात हाडवैद्य होतेच. डॉक्टर त्यांना हसत. तरी सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यचिकित्सकाने १८६७ साली एक व्याख्यान दिले आणि हाडवैद्यांकडे बरे होणारे रुग्ण कोणते याची यादीच सहकाऱ्यांपुढे मांडली. त्यांचे चांगले ते उचला, वाईट ते टाळा, असा त्यांचा सल्ला होता. काही वर्षांत व्हॉर्टन हूड नावाच्या डॉक्टरने रिचर्ड हटन या हाडवैद्याकडून ती कला शिकून घेतली आणि १८७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती जगापुढे ठेवली. हूडच्या वडिलांनी हटनवर आजारपणात मोफत उपचार केले होते. त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या उघडी केली. आपल्याकडच्या हाडवैद्याची विद्या आपण मागायला गेलो तर कोणत्या नात्याने जाणार, हे या प्रसंगावरून शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेत १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी मांडली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला तिचे विद्यालय काढले. रक्त वाहते राहिले तर शरीर स्वतःला सावरते, आणि सांधे-स्नायू मोकळे करून ते वाहते ठेवायचे, हा त्यांचा गाभा. त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर १८९५ मध्ये, आयोवातल्या डॅव्हनपोर्टला डी. डी. पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या माणसाने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला उंचवटा दाबला. लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. त्यावरून त्यांनी सिद्धान्त बांधला : मणका जागचा हलला की नस दबते आणि बहुतेक रोगांचे मूळ तिथे असते. त्यांच्या परिचयाच्या एका धर्मगुरूने ग्रीक शब्दांवरून नाव सुचवले. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने केलेले.

इथून एक झाड फुटले आणि त्याला फांद्या आल्या. पहिलीच फूट मोठी होती. एक गट म्हणाला, मणका बसवणे एवढेच आपले काम, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसरा म्हणाला, व्यायाम, शेक, आहार जे उपयोगी पडेल ते घेऊ. ही फूट आजही पूर्ण मिटलेली नाही. नंतर तंत्रांच्या फांद्या आल्या. डायव्हर्सिफाइड पद्धतीत हाताने कमी अंतराचा, वेगवान झटका देतात. व्हिडिओत दिसतो तो बहुधा हाच. क्लॅरेन्स गॉनस्टेड यांच्या पद्धतीत एक्स-रे आणि स्पर्श यांवरून एक ठराविक मणका शोधतात आणि तोच हलवतात. थॉम्पसन पद्धतीत टेबलाचा भाग किंचित खाली पडतो आणि झटक्याचा भार टेबल घेते. कॉक्स पद्धतीत दुभंगत्या टेबलावर कंबर हलकेच वाकवत ताणतात, झटका नसतोच. १९६० च्या दशकात आलेल्या ॲक्टिव्हेटर पद्धतीत हातातले छोटे स्प्रिंगचे साधन टकटक करते. मानेच्या अगदी वरच्या मणक्यांपलीकडे हात न लावणारेही आहेत. तेव्हा 'कायरोप्रॅक्टिक चांगले की वाईट' हा प्रश्न 'कुस्ती चांगली की वाईट' यासारखाच अर्धवट आहे. कोणता डाव, कुणावर, केव्हा, एवढे तरी विचारावे लागते.

चौथी धार फिजिओथेरपीची. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तिचे शिक्षण सुरू झाले. त्याआधी १९५० मध्ये तिथेच कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय उभे केले होते. हाताने उपचार करणारे फिजिओ ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्याकडून हालचालीच्या पायऱ्या शिकले : हलके डोलवण्यापासून सांध्याच्या टोकापर्यंत, आणि झटका सर्वांत शेवटी. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते. १९५६ मध्ये त्यांच्याकडे आलेला पाय दुखणारा रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. कंबर मागे वाकलेली, त्या काळच्या समजुतीप्रमाणे नको ती अवस्था. थोड्या वेळाने मॅकेन्झी आले तर रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली. मॅकेन्झींनी तो योगायोग टाकून दिला नाही. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यातून तपासणीची पद्धत बांधली, आणि रुग्णाने स्वतःच करायचे व्यायाम तिच्या मध्यभागी ठेवले.

आता तुलनेकडे. या पुस्तकात प्रत्येक पद्धतीला आम्ही चार प्रश्न विचारले आहेत. ती दुखण्याचे कारण काय सांगते? तिचा हात प्रत्यक्ष काय करतो? बरे वाटले हे ती कशावरून ठरवते? आणि ती कुठे थांबते? पहिले दोन प्रश्न वेगळे ठेवणे हा या पुस्तकाचा कणा आहे. या क्षेत्रात हात आधी चालतो आणि कारण मागाहून जोडले जाते. त्यामुळे कारण चुकीचे निघाले तरी हात उपयोगी असू शकतो. आणि कारण कितीही शास्त्रीय शब्दांत सांगितले तरी हात निरुपयोगी असू शकतो. तोंडाने सांगितलेले आणि हाताने केलेले यांचा हिशेब दोन वेगळ्या पानांवर मांडावा लागतो.

'मणका सरकला' हेच घ्या. अपघात किंवा काही आजार सोडले तर मणके असे सरकत नाहीत. दाट स्नायुबंधांनी ते बांधलेले असतात. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले, की जागचा हललेला मणका रोगाचे कारण असतो या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. मग तो कडकड आवाज? सांध्यातल्या द्रवाचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. १९४७ पासून याचा अभ्यास चालू आहे आणि २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा मोडताना ही पोकळी एमआरआयमध्ये प्रत्यक्ष पाहिली. म्हणजे आवाज आला म्हणून काही जागेवर बसले असे नाही, आणि आला नाही म्हणून काही राहून गेले असेही नाही. आधुनिक यंत्रांची भाषाही याच तराजूत घालावी. मुळीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या अहवालात 'गॅप' लिहिलेला असणे म्हणजे पुष्कळदा केस पिकल्याची नोंद असते. तो शब्द ऐकून जो माणूस वाकणे, उचलणे, चालणे सोडतो, त्याचे नुकसान त्या गॅपपेक्षा त्या शब्दाने जास्त होते.

मग हात काम करतो का? २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्ण होते. जुनाट कंबरदुखीत मणक्यांवरचा हाताचा उपचार हा व्यायामासारख्या शिफारस झालेल्या उपचारांइतकाच गुण देतो, असा निष्कर्ष निघाला. इतकाच, जास्त नाही, कमीही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे, मालीश आणि मणक्यांवरचा हाताचा उपचार यांना जागा आहे. कमरेचा पट्टा, वजन लावणे, अल्ट्रासाऊंडचा शेक आणि करंट यांची शिफारस मात्र नेहमीच्या उपचारात करू नये असे म्हटले आहे. आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यांत सर्वांत जास्त काय मिळते ते आठवा आणि ही यादी पुन्हा वाचा. 'जुने ते अशास्त्रीय, यंत्र ते शास्त्रीय' ही आपली वाटणी इथे टिकत नाही.

माझ्या पायाचे कोडेही इथे बरेच सुटते. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपसूक उतरते; त्या उतारावर ज्याचा हात लागला त्याला यश मिळते. पण एवढेच नव्हते. आजारी माणसाला कुणीतरी स्पर्श केला, 'आता ऊठ' असे सांगितले, आणि भीतीने आखडलेले शरीर हलले. ते हलणे हाच औषधाचा मोठा भाग होता. पायाळूच्या पायात काही नव्हते. त्या पायानंतर माणूस उठत होते, त्यात सारे होते. चांगला फिजिओ, चांगला कायरोप्रॅक्टर, चांगला हाडवैद्य हेच घडवून आणतो. फरक असा, की चांगला उपचारक रुग्णाला पुन्हा पुन्हा आपल्या हाताखाली यायला लावत नाही. दर आठवड्याला आयुष्यभर मणके बसवून घ्या, असे सांगणारा हात आणि चार भेटींत व्यायाम शिकवून मोकळा करणारा हात यांत दुसरा श्रेष्ठ, मग पाटी कोणतीही असो.

चौथा प्रश्न मी सर्वांत जड मानतो : हात कुठे थांबतो? या मुलखासाठी त्याचे उत्तर इथल्याच आजारांतून काढावे लागेल. कंबरदुखीसोबत रात्रीचा बारीक ताप, घटणारे वजन, मणक्यावर एका जागी दुखणारा उंचवटा असेल, तर तो कण्याचा क्षय असू शकतो. १७७९ साली पर्सिव्हल पॉट यांनी वर्णन केलेला हा आजार आपल्या गावांत आजही आहे. असा मणका आतून पोखरलेला असतो. त्यावर झटका देणे म्हणजे माणसाला कायमचे खाटेवर टाकण्याचा धोका. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी मुला-तरुणांच्या हाडांत कळा उठत असतील, तर सिकलसेलचा विचार आधी यावा. त्या कळा रक्तवाहिन्या तुंबल्याने येतात आणि खुब्याचे हाड त्यात मरू शकते. चोळण्यात गेलेला दिवस तिथे फार महाग पडतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातून रक्ताची तपासणी गावापर्यंत येत आहे, तिचा निरोप हाडवैद्यानेच दिला तर तो सर्वांत लवकर पोचेल. लघवी अडली, जांघेत-बैठकीत बधिरता आली, पाय लुळा पडू लागला, तर तासांचा प्रश्न असतो. म्हाताऱ्या बाईची हाडे ठिसूळ असतात. तिच्या पाठीला झटका नको. मानेला पिळून दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटणे क्वचित घडते, पण घडते तेव्हा माणूस जाऊ शकतो किंवा पंगू होऊ शकतो. म्हणून खुर्चीत बसवून मान मोडण्याची हौस बंद झालीच पाहिजे. आणि कामट्या घट्ट बांधल्यावर बोटे निळी-थंड पडली, असह्य ठणका लागला, तर बांधणी त्याच क्षणी सोडायची. सुश्रुताचा इशारा तोच होता. त्याकडे दुर्लक्ष झाल्याने हात गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

थांबणे शिकवावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी चार वर्षांचे किमान ४,२०० तास सांगितले, त्यांतले १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. झटका कसा द्यायचा याबरोबरच केव्हा द्यायचा नाही हे ओळखायलाही त्यात शिकावे लागते. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या परिषदेचा कायदा २००२ चा आहे आणि देशपातळीवर संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा २०२१ चा. तेव्हा रुग्णाने उपचारकाला 'कुठे शिकलात, किती शिकलात' असे विचारण्यात उद्धटपणा नाही. त्याचा तो हक्कच आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करावी लागेल. अमेरिकेत वैद्यकीय संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर वर्षानुवर्षे बहिष्कार घातला होता. १९७६ मध्ये कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदेशीर ठरवला. बहिष्काराने दुसऱ्याचे चुकीचे सिद्धान्त दुरुस्त होत नाहीत. फक्त रुग्ण दोन्हीकडच्या उपचारकांपासून गोष्टी लपवू लागतात. आपल्याकडे हे रोज घडते. हाडवैद्याकडे जाऊन आलो, हे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही, कारण बोलणी खावी लागतात. मग बांधणी केव्हा झाली, चोळले किती, हे कळत नाही आणि उपचार चुकतो.

म्हणून माझे निमंत्रण सगळ्यांना आहे. धुळ्या-जळगावच्या वैद्यकीय, आयुर्वेद आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या दाराशी असे क्षेत्र आहे, जिथे मोजायचे खूप शिल्लक आहे. केळी कापणाऱ्या मजुराची पाठ हंगामाच्या आधी आणि नंतर कशी असते? हाडवैद्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण महिन्याने कामावर असतात? कटिबस्ती आणि व्यायाम एकत्र दिले तर काय होते? 'शीर चढणे' म्हणजे बोटांना नेमके काय लागते? यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. वही लागते, संमती लागते, आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जाण्याची चिकाटी लागते. मॅकेन्झींनी एका चुकीच्या टेबलावरून आणि कुवलयानंदांनी श्रद्धेच्या क्रियांवरून हेच केले.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात कण्याची रचना आणि दुखण्याचे शास्त्र आहे. दुसऱ्यात प्रत्येक पद्धतीला तिच्याच भाषेत बोलू दिले आहे. मध्ये टीका घातलेली नाही, कारण ज्याची बाजू नीट मांडता येत नाही त्याची तुलनाही करता येत नाही. तिसऱ्यात चार प्रश्न लावले आहेत. चौथा भाग घरातल्या माणसांसाठी आहे : केव्हा थांबावे, केव्हा हालचाल सुरू करावी, केव्हा गाडी काढून थेट मोठे रुग्णालय गाठावे. घाई असेल त्यांनी चौथ्यापासून सुरुवात करावी.

ज्यांनी आपल्या ओसरीवर मला तासन्‌तास बसू दिले, माझे हात धरून 'इथे दाब, इथे नको' असे दाखवले, त्या हाडवैद्यांचा मी ऋणी आहे. त्यातल्या एका वृद्ध बाबांनी सांगितलेली गोष्ट या साऱ्या पानांच्या मागे उभी आहे. एका मुलीच्या पाठीवर बोटे फिरवून त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि तिच्या वडिलांना सांगितले, हे माझ्या हाताचे नाही, हिला आजच धुळ्याला ने. पुढे तिला कण्याचा क्षय निघाला. औषध सुरू झाले, ती चालत घरी आली, आणि आज तिला दोन मुले आहेत. बाबांनी तिच्यावर काहीच उपचार केले नव्हते. तरीही त्या गावात ती मुलगी बाबांनी बरी केली असेच म्हणतात, आणि मला ते अगदी खरे वाटते.

यावल, आखाजी